माळा काढून आढ्यापर्यंत छत मोकळं करायचंय, कोणी केलंय का?

बेलापूरची_चिमणी
१२ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. जुनं बैठं घर, दोन वर्षांपूर्वी घेतलं. आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी स्लॅब टाकून मजले चढवलेत, आमचं अजून कौलारू आहे आणि खरं सांगायचं तर मी त्याच्यासाठीच हट्ट धरला होता. पण गंमत बघा, आत बसलं की कौलारू घरात बसल्यासारखं वाटतच नाही. कारण आधीच्या मालकांनी छप्पर नव्याने बांधून घेताना नऊ फुटांवर सपाट फळ्या मारून माळा करून टाकलाय. वर कौलं, मध्ये अंधार, खाली आम्ही. पुढची खोली १४ बाय १८ आहे, आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं लांब लाकूड, १३ फुटांवर (स्वतः माळ्यावर चढून टेपने मोजलं, शिंकून शिंकून जीव गेला).

तर विचार असा की माळा काढायचा आणि थेट आढ्यापर्यंत मोकळं करायचं, ते व्हॉल्टेड सीलिंग म्हणतात ना तसं, दोन्ही पाखी (छपराचे उतार) आतून दिसतील, खालून लाकडी पॅनेलिंग, दोन-चार काचेची कौलं. एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं होतं, तो म्हणाला आठ दिवसांचं काम आहे, "माळा, तुळया सगळं काढून एकदम क्लीन करून देतो मॅडम". नवरा म्हणतो मे महिन्यात भाजून निघू. सासूबाई म्हणतात माझं माळ्यावरचं सामान कुठे ठेवणार. मी म्हणते दिसेल किती छान! कोणी असं केलं असेल तर सांगा, उकडतं का खरंच, आणि एवढ्या उंच छताला पंखा कुठे टांगतात?


उंदीरमामा
१२ जानेवारी, रात्री ११:०२

व्हॉल्टेड म्हणजे नक्की किती व्होल्टचं? २३०च्या वर असेल तर महावितरणला विचारा.


जळमट
१२ जानेवारी, रात्री ११:१५

माझा एकच प्रश्न. १३ फुटांवरची कोळिष्टकं कोण काढणार? मासिकातल्या फोटोत ती कधीच नसतात. माझ्या आयडीवर जाऊ नका, अनुभवाने घेतलाय.


पांढरा_हत्ती
१३ जानेवारी, सकाळी ८:२०

करू नका एवढंच म्हणेन. आमचं घोडबंदर रोडला टॉप फ्लोअर. स्लॅब साडेनऊ फुटांवर, त्याच्याखाली इंटेरियरवाल्याने जिप्समची अर्धगोल कमान करून दिली, कडेने लपवलेले पिवळे लाइट, थ्रीडी चित्रात राजवाडा वाटत होता. प्रत्यक्षात कडेला साडेसात फूटच उरलं. सहा फुटी मेहुणा आला की कडेच्या सोफ्यावरून उठताना आपोआप नमस्कार करतो. आणि खरी मजा दुसऱ्या पावसाळ्यात. गच्चीतून गळती सुरू झाली ती जिप्समच्या वर साचत राहिली, आम्हाला पत्ताच नाही, एक दिवस रात्री तीन वाजता दोन शीट थेट टीपॉयवर. साध्या प्लास्टरला निदान ओल आली की डाग तरी दिसतो हो.


बेलापूरची_चिमणी
१३ जानेवारी, सकाळी ९:०५

@पांढरा_हत्ती अरे बापरे. पण तुमचं उलटं झालं ना, तुम्ही सपाट छताखाली कमान लावून उंची घालवलीत. माझ्याकडे खरी उंची आहे आणि ती झाकलेली आहे.

@जळमट नवरा काढेल. (त्याला अजून सांगितलेलं नाही.)


साईटवरचा
१३ जानेवारी, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत वाचतोय म्हणून थोडक्यात. उकाडा, पंखा, जळमटं सगळं नंतर. तुम्ही सहज लिहून गेलात ते वाक्य परत वाचा, "माळा, तुळया सगळं काढून". तुळयांना, म्हणजे माळ्याखालच्या भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या आडव्या लाकडांना, हात लावू देऊ नका. संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर त्या माणसाला ॲडव्हान्स देऊ नका.


उंदीरमामा
१३ जानेवारी, दुपारी १:५२

सस्पेन्स! डबा संपवून पटकन या.


नौपाडा_काका
१३ जानेवारी, दुपारी ४:१०

आमचं ठाण्यात नौपाड्यात कौलारू घर होतं, १९९४ साली बिल्डिंग झाली. या धाग्याने जुनं सगळं वर आलं. आमच्या माजघराला माळा आणि पुढच्या ओसरीला थेट आढं दिसायचं, आणि दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. मे महिन्यात दुपारी सगळे पुरुष ओसरीवर ऐसपैस आणि बायका माजघरात, असं वरवर दिसायला. प्रत्यक्षात थंड कुठे असायचं? माजघरात! कारण वरचा माळा. कौलं तापायची, माळ्यावरची हवा तापायची, पण खाली पोचेपर्यंत संध्याकाळ. आजी म्हणायची माळा म्हणजे घराची गोधडी.

दर वर्षी मे महिन्यात शाकारणी व्हायची. दोन गडी वर, एक शिडीवर, आम्ही पोरं खाली रांगेत उभं राहून कौलं हातोहात द्यायचो. फुटकी वेगळी, चांगली वेगळी. कौलांवर मागे छाप असायचा, तो वाचायची आमची स्पर्धा. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ला कारखाना काढला तिथून हे चपटं कौल सगळीकडे पसरलं, त्याआधी आपल्याकडे कुंभाराच्या हातची नळीची कौलं. आता शाकारणीला माणूसच मिळत नाही हा तुमचा खरा प्रश्न असणार आहे, चिमणीताई.


कोकणस्थ_फणस
१३ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

काका मस्त लिहिलंत. गावच्या घरी माळ्यावर आंबे पिकत घातलेले असायचे, खाली झोपलं की रात्रभर वास. एकदा मांजराने आढी उसकटली आणि सगळे आंबे एकामागोमाग एक फळ्यांवर धडाधड घरंगळले, आजोबा काठी घेऊन उठले, चोर समजून. माळा काढणाऱ्यांना हे सुख नाही.


साईटवरचा
१३ जानेवारी, रात्री ९:३५

हां, आता निवांत. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, ऐरोलीत असतो, बावीस वर्षं हेच करतोय. मुद्दाम सोप्या भाषेत लिहितो.

रंगाऱ्याची घोडी बघितलीय ना? दोन शिड्या वर बिजागरीने जोडलेल्या आणि खाली दोन पायांमध्ये दोरी किंवा साखळी बांधलेली. ती दोरी कापा आणि वर चढा. काय होईल? पाय फाकतील, रंगारी खाली. तुमच्या छपराचे समोरासमोरचे वासे म्हणजे घोडीचे पाय, आढं म्हणजे वरचा सांधा, आणि तुळई म्हणजे ती दोरी. तुळई फक्त माळ्याच्या फळ्या पेलायला असते असं लोकांना वाटतं, कारण खालून तेवढंच दिसतं. पण वाशांचे पाय भिंतीच्या माथ्यावर जिथे टेकतात तिथे ते भिंतीला सतत बाहेर ढकलत असतात आणि तुळई दोन्ही भिंतींना आत धरून ठेवते.

आता आकडे. मंगळुरी कौलं १०० चौरस फुटाला साधारण १५० लागतात, एकेक अडीच किलोच्या आसपास. १४ बाय १८ची खोली, तिरपं माप आणि वळचण धरून ३५० चौरस फूट छप्पर, म्हणजे सव्वापाचशे कौलं, तेराशे किलो. वासे-रिपा धरून सोळाशे. पावसात कौल पाणी पितं ते वेगळं. तुमचा उतार चौदा फुटाला चार फूट उंची, म्हणजे तीसेक अंशाचा. या उतारात बाहेरचा रेटा एकूण वजनाच्या निम्म्याच्या जरा खाली येतो, म्हणजे सातशे किलोच्या आसपास, दोन्ही बाजूंना तेवढाच. उतार जितका कमी तितका रेटा जास्त. विटेच्या भिंतीला वरून वजन चालतं, आडवं ढकललेलं चालत नाही. तुळई काढली म्हणून त्याच दिवशी घर पडत नाही, तेच तर वाईट आहे. कॉन्ट्रॅक्टर पैसे घेऊन गेलेला असतो, मग दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या माथ्यावर आडवी भेग, आढं मध्ये झुकलेलं, कौलं सरकलेली, आणि तुम्ही गळती गळती म्हणून डांबर फासत बसता.

अपवाद एकच. आढं स्वतः भक्कम असेल, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर नीट टेकलेलं असेल आणि वाशांचं वजन खरोखर पेलत असेल, तर वासे त्याच्यावर लटकतात, भिंतीला रेटत नाहीत. मग तुळईशिवाय चालतं. म्हणून आधी मला एवढं सांगा, आढं किती जाड आहे आणि मध्ये कशावर टेकलंय का?


पारसिकचा_वारा
१३ जानेवारी, रात्री १०:१५

घोडीचं उदाहरण जबरी.

पण मग तुळया खालून काढून वर, आढ्याच्या जवळ आडव्या मारल्या तर? ए अक्षराच्या आडव्या दांडीसारख्या? तसं बऱ्याच फोटोत दिसतं.


साईटवरचा
१३ जानेवारी, रात्री १०:३१

घोडीची दोरी वरून दुसऱ्या पायरीला बांधा आणि चढून बघा. पाय मधून वाकतील आणि खाली फाकतीलच. वरची दांडी वादळात दोन पाखी उचकटू नयेत म्हणून उपयोगी, रेट्याला नाही. रेट्याला दांडी जितकी खाली तितकी चांगली, फार तर खालच्या एक तृतीयांशात.


स्लॅबच_टाका
१४ जानेवारी, सकाळी ७:५०

एवढा खटाटोप कशाला कळत नाही. कौलं काढा, स्लॅब टाका, वर एक मजला चढवा, भाड्याने द्या. नवी मुंबईत जमिनीचे भाव काय आहेत माहितीय ना? लोक जागेसाठी मरतायत आणि तुम्ही असलेली जागा हवेत सोडताय.


बेलापूरची_चिमणी
१४ जानेवारी, सकाळी ८:३०

@स्लॅबच_टाका धन्यवाद, पण नको. अख्ख्या गल्लीत तेच झालंय, मला निदान माझ्या खिडकीतून तरी एक छप्पर दिसू दे.


खाडीपलीकडे
१४ जानेवारी, दुपारी १२:२०

मी आर्किटेक्ट, ठाण्यात असते. आर्टिस्ट व्हिलेजचं नाव वाचून राहवलं नाही. कॉलेजात आम्हाला वहीभर स्केचेस काढायला तिथेच नेलं होतं. चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात केलेली वसाहत, सात-सात घरं एका ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती, अशा तीन अंगणांचं मिळून मोठं अंगण. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, का, तर प्रत्येकाला शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं म्हणून. त्यामुळे @स्लॅबच_टाका म्हणतायत तेही कोरियांच्या मूळ कल्पनेच्या अगदीच विरोधात नाही, घरं वाढतील हे त्यांनी धरलेलंच होतं. तरी चिमणी, तू छप्पर ठेवतेयस याचा मला व्यक्तिशः आनंद आहे.

आता उकाड्याचं. कोरियांचंच अहमदाबादला १९६०च्या दशकातलं ट्यूब हाऊस होतं, त्यात छताचा उतारच असा ठेवला होता की तापलेली हवा छताला लागून वर सरकत जाते आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडते, तिच्यामागे खालून थंड हवा ओढली जाते. म्हणजे उंच तिरपं छत उकडतंच असं नाही. वर वाट ठेवली तर वारा खेळतो, वर बुच मारलं तर उष्णतेचं गोदाम होतं. तुमच्या आताच्या माळ्याला त्रिकोणी भिंतीत जाळी आहे का? नौपाडा काका म्हणतात ती गोधडी बरोबरच आहे, पण ती काढायची असेल तर गोधडी कौलांच्या खाली, वाशांच्या मध्ये घालावी लागेल.

आणि हे आधी ठरवा, एसी लावणार की वारा घेणार? दोन्ही एकाच छतात होत नाही. वारा घ्यायचा तर आढ्याशी जाळीची फट हवी. एसी लावायचा तर तीच फट तुमचं बिल खाणार.


फेज_न्यूट्रल
१४ जानेवारी, दुपारी २:००

एसीवरून आठवलं. ९ फुटाला खोली २२६८ घनफूट, मोकळं केल्यावर सरासरी उंची ११ धरली तर २७७२, म्हणजे २२ टक्के जास्त हवा. पण लोक फक्त घनफूट मोजतात तिथेच चुकतात. खरी गर्मी छपरातून येते, त्याला काही घातलं नाहीत तर दोन टन लावा की अडीच, दुपारी तीनला सारखंच.

पंख्याला लांब रॉड मिळतो. पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर यायला पाहिजेत, म्हणजे आढ्यावरून टांगलात तर चार फुटी रॉड. वर चिकटून लावलात तर तो फक्त आढ्याला वारा घालेल.


उंदीरमामा
१४ जानेवारी, दुपारी २:१०

आवाजाचं कोणी बोललंच नाही. विजापूरच्या गोलघुमटात एकदा कुजबुजलं की सात वेळा ऐकू येतं म्हणतात. सासूबाईंना सांगितलंय का?


बेलापूरची_चिमणी
१४ जानेवारी, रात्री ९:१२

@उंदीरमामा सासूबाई हा धागा वाचतायत. मीच वाचून दाखवते. त्या म्हणतात "त्या उंदराला सांग आमच्या माळ्यावर मांजर आहे".

@साईटवरचा काका, आज नवऱ्याला टॉर्च देऊन वर पाठवलं. तुळया तीन आहेत, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. आढं ४ बाय ६ इंच. आणि मधल्या तुळईच्या बरोब्बर मध्यावर एक उभा खांब आहे, जाड, वर थेट आढ्याला टेकलेला. आम्ही त्याला इतके दिवस गणपतीच्या मखराचा कोपरा समजत होतो, कारण मखर त्यालाच बांधलेलं असतं. तिरके टेकू वगैरे काही नाहीत. एका वाशाखाली बारीक पिठासारखा भुसा पडलाय.


साईटवरचा
१४ जानेवारी, रात्री ९:२०

हेच वाटलं होतं. तुमचं आढं १८ फूट एकट्याने जाऊच शकत नाही, ४ बाय ६ला ते झेपणार नाही. म्हणून कोणीतरी मध्ये खांब दिला आणि खांब तुळईवर उभा केला. त्या खांबातून चारशे-पाचशे किलो त्या एका तुळईवर येतंय. कॉन्ट्रॅक्टरने त्या तुळईला करवत लावली असती तर दुसऱ्या पावसाळ्याची वाट बघावी लागली नसती, आढं त्याच्या डोक्यावरच आलं असतं.

भुसा म्हणजे भुंगा असणार. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतात. जाड सुई टोचून बघा वाशाला, कुठे लोण्यासारखी जाते ते.


नौपाडा_काका
१४ जानेवारी, रात्री ९:४८

इंजिनिअर साहेबांचं पटलं, पण एक सांगू का, जुन्या सुतारांना हे पुस्तक न वाचता माहीत होतं. आमच्या ओसरीला थेट आढं दिसायचं म्हणालो ना, तिथेही तुळया होत्याच, उघड्या. फळ्या नव्हत्या एवढंच. आणि झोपाळा तुळईलाच टांगलेला. आम्हाला त्या कधी "मध्ये" वाटल्या नाहीत. हल्ली सगळ्यांना क्लीन क्लीन पाहिजे.


साईटवरचा
१४ जानेवारी, रात्री १०:०५

@नौपाडा_काका जुन्या सुतारांचं सगळंच बरोबर असतं असं नाही हो, मी जुन्या वाड्यांमध्ये एका खुंटीवर अख्खं छप्पर तोललेलं बघितलंय. पण या बाबतीत तुम्ही शंभर टक्के. चिमणीताईंना माझं उत्तर तेच, फळ्या काढा, तुळया ठेवा.

तुळया नकोच असतील तर दोन वाटा. एक, लाकडी तुळईऐवजी लोखंडी सळई, मध्ये पिळाचं टर्नबकल, बारीक असल्याने डोळ्यात भरत नाही. पण सळई फक्त ओढ घेते, तुमचा मधला खांब तिच्यावर उभा राहू शकत नाही, त्यामुळे आढ्याचा प्रश्न तसाच. दोन, आढ्याखाली लोखंडी गर्डर, आयएसएमबी २०० (आय आकाराचा, २०० मिमी उंच) घ्या, मीटरला २५ किलो म्हणजे साडेपाच मीटरला १४० किलो. टोकांच्या भिंतींत काँक्रीटचे ठोकळे बसवून त्यावर. होतं, पण तो अंगणातून आत न्यायचा कसा आणि वर चढवायचा कसा हे बघा. आणि त्या भिंती तपासून घ्या, हिशोब साईट बघून कोणीतरी सहीनिशी करू दे, धाग्यावरच्या माझ्या गुणाकारावर घर बांधू नका.


खाडीपलीकडे
१५ जानेवारी, सकाळी १०:४०

+१. आतल्या फळ्या काढणं वेगळं आणि छपराचा सांगाडा बदलणं वेगळं. उंची इंचभर जरी वाढवायचा विचार आला तर थांब, आधी परवानगीचं बघ, लायसन्स असलेला माणूस घे.

छपराचा थर असा कर. वासे, त्यांच्यावर फळ्या किंवा सिमेंट बोर्ड, त्यावर पाणी अडवणारा पडदा, त्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग आडव्या रिपा, मग कौलं. उभ्या पट्ट्या गाळू नकोस, कॉन्ट्रॅक्टर नेमक्या त्याच गाळतात. त्यांच्यामुळे कौलाखाली हवा खालून वर जाते आणि चुकून आत आलेलं पाणी पन्हाळीपर्यंत वाहून जातं. वाशांच्या मध्ये दोन इंच रॉकवूल. थर्माकोल नको, आगीला वाईट. चमकणारी फॉइल घेतलीस तर चमकती बाजू मोकळ्या हवेला लागली पाहिजे, दोन्हीकडून दाबून बसवली तर ती नुसती महागडी चांदी.


पारसिकचा_वारा
१५ जानेवारी, सकाळी ११:३०

आणि कौलं तारेने बांधून घ्या. १७ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. कुलाब्याला ताशी ११४ किमी वारा होता. आमच्या मागच्या शेडचे पत्रे शेजारच्या सोसायटीत जाऊन बसले होते, कौलं राहिली ती बांधलेलीच. बाकी बेलापूरला डोंगराखाली राहता म्हणजे माकडंही असणार, तारेचा त्यालाही उपयोग.


कोकणस्थ_फणस
१५ जानेवारी, दुपारी १२:१५

माकडं तारेला घाबरत नाहीत. आमच्याकडे एक माकड कौल उचलून आत बघतं, स्वयंपाकघरात काय आहे ते, आवडलं नाही तर परत ठेवतं.


बेलापूरची_चिमणी
१५ जानेवारी, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, विचारलं मधल्या खांबाचं काय करणार होतात. तो म्हणाला "तो पण काढला असता मॅडम, फुकट". ॲडव्हान्स दिलेला नव्हता. इंजिनिअर बघायला बोलावतेय. फेब्रुवारीत काम सुरू करावं म्हणतेय, पावसाच्या आधी होईल ना?


साईटवरचा
१६ जानेवारी, सकाळी ६:५५

मुंबईची मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून, पण वळवाचा पाऊस तारीख विचारत नाही. १ मेला शेवटचं कौल बसलेलं पाहिजे असं धरून चाला. आणि अख्खं छप्पर एकदम उघडू नका, एक पाखं संपल्यावर दुसरं. एकाच बाजूचं वजन फार दिवस ठेवायचं नसतं म्हणून टेकू देऊन.


स्लॅबच_टाका
१६ जानेवारी, सकाळी ९:००

एवढ्यात स्लॅबचं सेंटरिंग पण लागलं असतं.


उंदीरमामा
१६ जानेवारी, सकाळी ९:०४

@स्लॅबच_टाका आयडीला जागता राव तुम्ही.


जळमट
२ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

धागा वर काढतेय. चिमणी, काय झालं पुढे? भुंगा, खांब, माकड, कोणाचाच पत्ता नाही.


बेलापूरची_चिमणी
२१ एप्रिल, रात्री १०:२५

सॉरी सॉरी, धूळ आणि पाहुणे यातून वेळच नव्हता. झालं!! म्हणजे नव्वद टक्के.

इंजिनिअर आले, तासभर टॉर्च घेऊन वर बसले. सात वासे सुईने फसले, ते बदलले, बाकीच्यांना औषध. तुळया तिन्ही ठेवल्या. मधल्या तुळईच्या एका टोकाला भिंतीतल्या ओलीने कूज लागली होती, तिथे दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारून बोल्ट केलेत. म्हणजे आम्ही फळ्या काढल्या नसत्या तर ते कळलंच नसतं, हे इंजिनिअरच म्हणाले. उभा खांब तसाच आहे, घासून तेल लावलंय. अंगावर फळ्या होत्या तेव्हा कुरूप वाटत होता, आता येणारा प्रत्येक जण आधी मान वर करून त्यालाच बघतो. मला सुरुवातीला तुळया नको होत्या हे आता मी कोणाला सांगत नाही.

थर खाडीपलीकडे यांनी सांगितला तसाच. उभ्या पट्ट्यांवरून नव्या कॉन्ट्रॅक्टरशी भांडण झालंच, "याची काय गरज" म्हणाला, मी धागा उघडून दाखवला. एसी नको ठरलं, आढ्याशी दोन्ही टोकांना जाळी ठेवलीय. गेल्या आठवड्यात दुपारी वर हात धरून बघितला (शिडीवरून), गरम हवा जाळीकडे जाताना हाताला लागते. खाली उकडत नाही असं म्हणणार नाही, बेलापूरचा घाम तो घामच, पण आधीपेक्षा जास्त नाही. नवऱ्याने मान्य केलंय, लेखी नाही.

माळ्याचं म्हणाल तर स्वयंपाकघराच्या बाजूचा एका तुळईपर्यंतचा साडेचार फूट माळा ठेवलाय. तह झाला. मखर आणि पितळेची भांडी तिथे. सासूबाई आता खाली खाट टाकून काचेच्या कौलातून येणारं ऊन बघत बसतात आणि ते किती वाजता कुठे येतं ते सगळ्यांना सांगतात. घड्याळ बंद पडलं तरी चालेल आता.

खर्च कॉन्ट्रॅक्टरने पहिल्यांदा सांगितला त्याच्या दीडपट आणि आठ दिवसांचे सात आठवडे.


नौपाडा_काका
२२ एप्रिल, सकाळी ७:१५

वाचून डोळे भरले हो. झोपाळ्याचं मनात असेल तर तुळईबद्दल साहेबांना विचारून मगच.


साईटवरचा
२२ एप्रिल, सकाळी ७:३०

मधल्या तुळईला झोपाळा नाही. बाकीच्या दोनपैकी एकीला, तेही हिशोब करून. उत्तम काम झालं, अभिनंदन.


फेज_न्यूट्रल
२२ एप्रिल, सकाळी ११:००

सगळं झालं पण मूळ प्रश्न राहिलाच की. पंखा कुठे टांगलात?


बेलापूरची_चिमणी
२२ एप्रिल, दुपारी १:२०

हा हा. चार फुटी रॉड आणून ठेवला होता. मग लक्षात आलं तुळई आहे ना! बाजूच्या तुळईखाली सहा इंची रॉडवर लावलाय, पाती आठ फुटांवर. मोठा रॉड परत घेत नाहीये दुकानदार.


जळमट
२२ एप्रिल, दुपारी २:०५

आणि माझा मूळ प्रश्न? कोळिष्टकं?


बेलापूरची_चिमणी
२२ एप्रिल, दुपारी २:३०

त्याच रॉडला बांबू जोडून वर झाडू बांधलाय. चौदा फूट झालाय, घरात कुठेच मावत नव्हता, शेवटी दोन तुळयांवर आडवा ठेवून दिला.


पांढरा_हत्ती
२२ एप्रिल, दुपारी ३:१०

काचेची कौलं कुठे मिळाली? व्यनि करता का प्लीज. फ्लॅटमध्ये लागणार नाहीत, माहितीय, तरी.